शून्य पॉइंट सोळा!

काल मोबाईल वाजला. अतिवृष्टीचं अनुदान जमा. रुपये १,३६०.

परत वाचलं. चष्मा पुसून वाचलं. एक हजार तीनशे साठच!

अहो, चार एकर सोयाबीन होतं. २०२५ च्या सप्टेंबरात गुडघाभर पाण्यात उभं राहून शेंगेतल्या शेंगेत मोड आले त्याला. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० चा दर. चार एकर म्हणजे १ हेक्टर ६० आर. चौथीतलं पोरगं सांगेल, १३,६०० होतात. मला आले बरोब्बर त्याचा दहावा हिस्सा. ग्रामपंचायतीत जाऊन यादी बघितली, तर नावापुढं बाधित क्षेत्र ०.१६. टिंब एक घर डावीकडं सरकलं की झालं! सोळा गुंठ्यांत आमची विहीर, गोठा आणि कडब्याची गंजी बसते. सोयाबीन काय गंजीवर पेरलं होतं मी?

आणि पंचनामा झाला नव्हता असं नाही. चिखलात उभं राहून झाला, सही माझी आहे, कागदावर १.६० स्वच्छ लिहिलंय, फोटो माझ्या मोबाईलात आहे. तो दाखवला तर तलाठ्याचं उत्तर काय? "पोर्टलला ०.१६ दिसतंय." अरे, मग शेत बघायला कशाला आला होता? पोर्टललाच विचारायचं होतं, तुझं किती बुडालं म्हणून!

त्याच्याकडं जाताना गाडीवर अख्खं भाषण पाठ केलं होतं मी. कायदा, माहितीचा अधिकार, उपोषण, सगळं घातलं होतं त्यात. दारात पोचलो आणि तोंडातून निघालं काय, तर "भाऊसाहेब, जरा वेळ आहे का?" वर चहा माझ्याच पैशानं. तलाठ्याचा आता ग्राम महसूल अधिकारी झालाय, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायकाचा सहाय्यक कृषी अधिकारी. गावात जिकडं बघावं तिकडं अधिकारी, आणि एक टिंब सरकवायचा अधिकार एकालाही नाही. "तहसीलला अर्ज करा, पुरवणी यादीत येईल." पुरवणी यादी कधी? "वरून आली की."

बरं, हे १,३६० तरी सुखासुखी आले का? आधी फार्मर आयडी. मग यादीत विशिष्ट क्रमांक आला का बघा. आला, तर सेवा केंद्रात जाऊन केवायसी. तिथं माझा अंगठा उमटेना. पोरगं म्हणतं, काका, रेषा गेल्यात तुमच्या. जातील नाही तर काय! जन्मभर खुरपं धरलंय, कीबोर्ड नाही. खोबरेल लावून बघितलं, शर्टाला पुसून बघितलं, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट चाललं. तेच दाखवावंसं वाटत होतं म्हणा.

ई-पीक पाहणीचंही, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद करायची त्याचंही, तसंच. माझ्याच बांधावर उभा आहे मी, आणि ॲप म्हणतंय तुम्ही गटाच्या बाहेर आहात. आमच्या आज्याच्या हातचं बोरीचं झाड आहे तिथं, ते पण बाहेरच असणार मग.

मागच्या एका साली तर याहून भारी झालं होतं. आमच्या शिवाराच्या कडेनं डांबरी रस्ता जातो. रस्त्याच्या पलीकडं दुसरं महसूल मंडळ, म्हणजे महसूल खात्यानं पाडलेला गावांचा दुसरा गट. ढग एकच, पाणी एकाच ओढ्याचं, दोन्हीकडचं पीक सारखंच आडवं. पण चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस मंडळाच्या पर्जन्यमापकात मोजला गेला तर अतिवृष्टी. पलीकडच्या डब्यात भरला, आमच्या डब्यात थोडा कमी पडला. झालं! पलीकडचे सोयरे अनुदानाचे पेढे घेऊन आले आणि आम्ही बसलो हात चोळत. तो डबा आमच्या शेतापासून कितीतरी कोस लांब. त्याच्या डोक्यावर काय पडलं यावर माझ्या शेतात काय कुजलं ते ठरतं!

विम्यालाही तेच मंडळ. आधी एक रुपयात विमा म्हणून गाजावाजा, २०२५ मध्ये तो बंद, आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के भरा, आणि मंडळातल्या पीक कापणी प्रयोगात, म्हणजे ठरावीक रानांतलं पीक कापून मोजतात त्यात, उत्पन्न किती निघतं त्याची वाट बघा. प्रयोग नेमका उंचावरच्या, निचऱ्याच्या रानात निघाला की ओढ्याकाठच्यांनी टाळ वाजवायचे. पूर्वी ७२ तासांत कळवा म्हणायचे. पावसानं टॉवर गेलेला, लाईट गेलेली, कळवू कशानं, कबुतरानं?

ठिबकचं तर काढूच नका. ८० टक्के अनुदान म्हणे. पण आधी तुम्ही शंभर टक्के भरा, मग आम्ही बघू. उधारीवाला दुकानदार समोरून आला की आजही गल्ली बदलतो मी. आधी लॉटरी काढायचे, आता अर्जाला पहिला येईल त्याला पहिलं. म्हणजे ज्याचं नेट चांगलं त्याचं रान भिजणार.

आणि पुण्याचा चुलतभाऊ! टीव्हीवर ३१,६२८ कोटींचं पॅकेज ऐकलं की लगेच फोन. "मज्जा आहे बुवा तुमची, वर किसानचे सहा आणि नमोचे सहा हजार." हो ना. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ जाहीर झाला, खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर दिसला की माल परत, आणि बाजारात व्यापारी म्हणेल तो भाव. ती मज्जा येऊन बघ म्हणावं एकदा. त्याच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली तर तीन दिवस स्टेटस असतं.

सगळ्यात कहर पुढंच आहे. रब्बीच्या बियाण्याला म्हणून हेक्टरी १०,००० वेगळे मिळायचेत. तेही याच यादीवरून! म्हणजे सोळा हजारांच्या जागी सोळाशे. पेरणीचं ट्रॅक्टर काय सोळाशेत चार एकर फिरणार आहे? दुरुस्तीच्या अर्जाला आता सातबारा, आठ अ, पासबुकाची झेरॉक्स, आणि जमीन सामायिक म्हणून बहिणीचं संमतीपत्र पाहिजे. ते बाँडवर. शंभराचा बाँड आता चालत नाही म्हणतात, पाचशेचा घ्या. १,३६० मधले पाचशे तिथंच गेले. बँकेनं त्यातलेही जुन्या कर्जापायी होल्डवर टाकलेत ते निराळंच. कर्जाला वळवू नका म्हणून सरकारचे आदेश निघतात, ते बहुतेक माझ्या शाखेपर्यंत पायी येत असावेत.

शेतकऱ्याला सगळं फुकट मिळतं म्हणणाऱ्यांपैकी एकानं तरी उद्या माझ्याबरोबर तहसीलला यावं. झेरॉक्सचे पैसे मी देतो.