मावशीचे पापड आणि साडेत्रेसष्ट अंश

परवा गोवंडीला मावशीकडे गेलेलो. पुनर्वसनाची बिल्डिंग, दुसरा मजला. दुपारचा एक वाजलेला आणि घरात ट्यूबलाइट चालू. मी सवयीने बंद केली तर म्हणते, लाव रे, तांदळातले खडे दिसत नाहीत मला! खिडकी आहे, नाही असं नाही, पण वरून कचरा पडतो म्हणून तिला जाळी आणि जाळीवर प्लास्टिक. खाली उतरून दोन बिल्डिंगमधलं अंतर पावलांनी मोजलं. चार पावलं. म्हणजे तीन मीटर धरा, आणि दोन्हीकडे सात-सात मजले.

मी परळच्या बीआयटी चाळीत वाढलो, त्यामुळे हे जास्तच टोचतं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये इंग्रजांनी शहर सुधारायला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, हाच तो बीआयटी, आणि त्यांचा एक नियम होता साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा. सोप्या भाषेत, समोर जेवढी मोकळी जागा त्याच्या साधारण दुप्पट उंची, त्यावर नाही, म्हणजे तळमजल्यालाही उजेड मिळतो. त्या हिशोबाने मावशीच्या बोळात दोन मजले बसतात. चाळीचं कौतुक मला सांगू नका, सकाळी संडासाच्या लायनीत मी पण उभा राहिलोय, पण गॅलरीत वारा होता आणि पोरं आईच्या नजरेसमोर खेळायची.

गोवंडी-मानखुर्दच्या अशा वसाहतींचा अभ्यास झालाय, आयआयटी बॉम्बे आणि डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा, २०१८ चा. खालच्या मजल्यांवर ऊन-वारा कमी, तिथे टीबी जास्त. तरी आपली सगळी चर्चा पुनर्वसनात मिळणाऱ्या घराच्या स्क्वेअर फुटांची, आधी २२५ होते, मग २६९, आता ३००. अरे पण खिडकीबाहेर किती फूट ते कोण विचारणार?

मावशीचा नातू नऊ वर्षांचा. जिन्याच्या लँडिंगवर एकटाच भिंतीशी क्रिकेट खेळत होता. खाली का नाही जात विचारलं तर म्हणाला, खाली गाड्या असतात ना काका. खरंच, गेटपासून नाक्यापर्यंत दोन्ही बाजूंना बाइक आणि टेम्पो, मधून रिक्षा सुसाट. माणसाला चालायला जागा नाही तिथे पोराने बॅट कुठे फिरवायची.

निघताना मावशीने डबा दिला, उडदाचे पापड. खायला नाही हां, म्हणाली, अजून ओले आहेत, तुमच्या गॅलरीत दोन दिवस घाल आणि पुढच्या रविवारी आणून दे.