पासवर्ड पोट्ट्यापाशी

दहावीतल्या पोट्ट्याच्या मोबाईलवर बापानं नजर ठेवावी की नाही, यावर आमच्या पारावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, फोन हिसका अन् पेटीत कुलूप लावून ठेवा. दुसरा तट रील पाहण्यात गुंतल्यामुळे त्याचं मत अजून कळलेलं नाही.

आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं २०२२ सालीच १८ वर्षांखालच्या पोरांना मोबाईलबंदीचा ठराव घेतला. तेव्हापासून बायकोच्या हाती कोलीतच आलं. "पाहा जी, तिथं अख्खं गाव आवरते, अन् तुमच्यानं घरचं एक पोट्टं आवरत नाई!"

ठरावाला माझी ना नाही हो. पण मग ई-पीक पाहणी कोण करणार? वावरात उभं राहून, लोकेशन चालू करून पऱ्हाटीचा फोटो काढावा लागतो. मी काढला की त्यात हटकून माझा अंगठा येतो. सातबाऱ्यावर कपाशीऐवजी अंगठ्याची नोंद व्हायची. पीएम किसानची केवायसी पोट्ट्याकडे, सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायची ऑनलाइन नोंदणीही त्याच्याचकडे. त्याचा फोन पेटीत गेला तर कापूस घरातच राहील, आणि घरात कापूस भरून ठेवला की अंगाला जी खाज सुटते, ती ज्याला माहीत आहे तो बंदीचं नाव काढत नाही.

शेवटी तालुक्याच्या मोबाईलवाल्यानं मधला मार्ग सुचवला. गूगलचं फॅमिली लिंक. पोरगा कोणत्या ॲपवर किती वेळ होता ते बापाच्या फोनवर दिसतं, झोपायची वेळ झाली की त्याचा फोन आपोआप बंद, नवीन ॲप घ्यायचं तर बापाची परवानगी. मात्र त्याचं चॅटिंग वाचता येत नाही. हे ऐकून बायको हिरमुसली. मला हायसं वाटलं. दहावीत असताना माझ्या दप्तरातली एक चिठ्ठी बापाच्या हाती लागली होती. तो विषय इथे नको.

पोट्ट्यानं आधी कायदा काढला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात म्हणे १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे.

"ते कंपन्यांसाठी हाय," मी म्हणालो. "मी कंपनी नोहोय, तोट्यातला कास्तकार हाओ."

रात्री जेवणं झाल्यावर ॲप घ्यायला बसलो. ॲपनं माझ्या गूगल खात्याचा पासवर्ड मागितला. ते खातं उघडून दिलेलं पोट्ट्यानंच.

"माहा पासवर्ड काय हाय रे?"

"कायले पाहिजे?"

"तुह्यावर नजर ठेवाले."

"आना इकडं." त्यानं माझा फोन घेतला, पासवर्ड टाकला, स्वतःला माझ्या ताब्यात दिलं, झोपायची वेळसुद्धा स्वतःच ठरवली. अकरा. मी दहा म्हणत होतो, पण ते कुठं बदलायचं हे त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा फोन टुणकन वाजला. माझ्याच बाजूला बसून त्यानं कुठल्याशा गेमसाठी परवानगी मागितली होती. मी बापाच्या रुबाबात घसा खाकरला आणि चष्मा शोधायला उठलो. परत येईस्तोवर माझ्या फोनवरून परवानगी देऊन झाली होती.

"बाबा," गेममधून मान वर न करता तो म्हणाला, "तुमचा फोन चार्जिंगले लावा. रात्री लय वेळ कुस्त्या पाहत जाता तुमी."