नाव क्रियापद झालं म्हणून ते कुणाचंही होत नाही

मराठवाड्यातल्या दुकानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: "कंपनीचं नाव लोकांच्या तोंडी क्रियापद झालं की कंपनीचा त्यावरचा हक्क संपतो. झेरॉक्स, गुगल, फोनपे, जेसीबी ही नावं आता सगळ्यांची, बोर्डावर बिनधास्त टाका. कंपनीलाही फुकट जाहिरात मिळते. वाट लागते ती फक्त मराठीची." यातलं एकही विधान टिकत नाही. पहिल्यावर विसंबून कुणी बोर्ड रंगवला तर भुर्दंडही त्यालाच.

आधी हक्काचं बघू. ट्रेडमार्क कायदा, १९९९ चं कलम ३६ याच प्रश्नासाठी आहे. नोंदणीनंतर लोक एखादा शब्द वस्तूचं किंवा सेवेचं नाव म्हणून वापरू लागले, एवढ्या एका कारणाने नोंदणी बाद होत नाही. अपवाद आहे, पण तो गिऱ्हाइकांच्या बोलण्याचा नाही. त्या धंद्यातले इतर व्यापारीच तो शब्द वस्तूचं सर्वसाधारण नाव म्हणून वापरतात आणि हा वापर सर्वज्ञात, रुळलेला आहे, हे सिद्ध व्हावं लागतं. शिवाय हे आपोआप होत नाही. कलम ५७ खाली रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात अर्ज करून आदेश मिळवावा लागतो. तोवर नाव कंपनीचंच. झेरॉक्सची नोंदणी रद्द करावी हा मुद्दा आपल्याकडे बौद्धिक संपदा अपील मंडळापुढे गेला होता. २०१२ साली मंडळाने ती मागणी फेटाळली.

अमेरिकेत तर नेमका क्रियापदाचाच मुद्दा कोर्टात गेला होता. २०१२ मध्ये गुगल हा शब्द घालून ७६३ डोमेन नावं (वेबसाइटचे पत्ते) घेण्यात आली आणि ती हातची गेल्यावर वाद घातला गेला की बहुतेक लोक 'गुगल करणे' म्हणतात, म्हणून हा ट्रेडमार्कच राहिला नाही. २०१७ साली अपील न्यायालयाने हे नाकारलं. क्रियापद म्हणून वापर होतो की नाही यावर निकाल ठरत नाही, असं कोर्टाने सांगितलं. गुगल हे कुठल्याही सर्च इंजिनचं नाव झालंय का, एवढाच प्रश्न होता, आणि तसं झालेलं नव्हतं.

नावं हातची जातात हे खरं आहे, पण बहुतेकदा कंपनीच्या स्वतःच्या हलगर्जीपणाने. एस्कलेटर हा ओटिस कंपनीचा ट्रेडमार्क होता. ओटिसनेच जाहिरातींत आणि पेटंटच्या कागदांत तो सरकत्या जिन्याचं साधं नाव म्हणून छापला. १९५० साली अमेरिकेत हक्क गेला तो त्यांच्याच कागदांच्या पुराव्यावर. ॲस्पिरिनचंही बघा: अमेरिकेत १९२१ पासून ते सामान्य नाव, जर्मनीत आजही बायरचा ट्रेडमार्क. म्हणजे एका देशातल्या निकालाचा दाखला दुसऱ्या देशात चालेलच असं नाही.

बोर्डावर काय लिहायचं? छायाप्रतींच्या दुकानावर 'छायाप्रती काढून मिळतील' लिहिलं की काही अडत नाही. जालन्यात किंवा नांदेडात स्पेअर पार्टचं दुकान टाकणाऱ्याने "जेसीबी मशीनला बसणारे फिल्टर मिळतील" असं लिहिलं तर कलम ३० त्याच्या बाजूने आहे, कारण पार्ट कशाला बसतो हे प्रामाणिकपणे सांगायला नाव घ्यावंच लागतं. तेच नाव, तोच लोगो आपल्याच खोक्यावर छापला तर मात्र तो कलम १०३ खालचा गुन्हा: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. नवं नाव घेण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या, फुकट आहे. नुसतं स्पेलिंग तपासून भागत नाही, उच्चारावरूनही शोधा.

मराठीची वाट लागल्याची ओरड तर अनाठायीच. आपण झेरॉक्स काढतो, जेसीबी लावतो, फोनपे मारतो. काढणे, लावणे, मारणे ही क्रियापदं आपली, प्रत्यय आपले, आणि कुठल्या नावाला कुठलं क्रियापद जोडायचं हेही मराठीच ठरवते.

आता फुकट जाहिरातीबद्दल. तहसीलसमोर सातबाऱ्याची 'झेरॉक्स' निघते ती बऱ्याचदा कॅनन, रिको किंवा क्योसेराच्या मशीनवर. त्यातून झेरॉक्स कंपनीच्या गल्ल्यात छदामही पडत नाही, उलट नाव पातळ होतं. म्हणूनच ती कंपनी वर्षानुवर्षं जाहिराती देऊन सांगत आली की आमचं नाव क्रियापदासारखं वापरू नका.

शेतात हाच घोळ खिशाला लागतो. "जेसीबी लावून शेततळं" एवढंच बोलून सौदा झाला तर चार चाकांवरचा बॅकहो लोडर येणार की चेनवरचा पोकलेन, हे ठरलेलंच नसतं. (पोकलेन हेही एका फ्रेंच कंपनीचंच नाव.) पोकलेन ट्रेलरवर आणावा लागतो, त्याचं भाडं वेगळं. वर काळी माती आणि खाली मुरूम असेपर्यंत बकेट चालते. खडक लागला की तो फोडायला ब्रेकर, आणि दर बदलतो. कोटेशनवर मशीनचा प्रकार, बकेटची रुंदी, ब्रेकरचा दर, डिझेल कुणाचं आणि तास मीटरवर की घड्याळावर, हे लिहून घ्या.

आडतीवर "फोनपे केलं" म्हणणाऱ्याने पैसे दुसऱ्याच ॲपवरून पाठवलेले असू शकतात. यूपीआयमध्ये कुठल्याही ॲपने कुठलाही क्यूआर चालतो. पैसे अडकले तर दुकानाच्या स्टिकरवरच्या कंपनीला फोन करून उपयोग नाही. ज्या ॲपवरून पैसे गेले त्याच ॲपमध्ये, १२ अंकी व्यवहार क्रमांक देऊन तक्रार करा, नाहीतर आपल्या बँकेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे खात्यातून पैसे गेले आणि समोरच्या व्यक्तीला मिळाले नाहीत तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला पेमेंटची खात्री मिळाली नसेल तर पाच दिवसांत. त्यापुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही न मागता जमा व्हायला हवी.