तो फोटो शनिवारवाड्याचा नाही, विश्रामबागेचा आहे

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच फोटो आला. पिवळा पडलेला, एक कोपरा फाटलेला. रस्त्यालगत लाकडी वाडा, कोरीव खांबांची ओळ, वर पुढे आलेला सज्जा, खाली पगडी घातलेले दोघे-तिघे आणि खांबाला टेकवून ठेवलेली सायकल. सोबतचा मजकूर असा: हा शनिवारवाड्याचा जळण्यापूर्वीचा एकमेव फोटो, साल १८२०, मूळ प्रत लंडनमध्ये, इतकी वर्षं आपल्यापासून लपवून ठेवलेली. मी याच पेठांत वाढलो, म्हणून यावर गप्प बसवत नाही.

आधी साल. शनिवारवाड्याला मोठी आग लागली ती फेब्रुवारी १८२८ मध्ये. काही जुन्या नोंदींत १८२७ सापडतं. कोणतंही धरा, फरक पडत नाही. छायाचित्रणाची पहिली व्यवहारात वापरता येण्याजोगी पद्धत, म्हणजे दागेरची, पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. म्हणजे पुण्यात कॅमेरा पोहोचेपर्यंत आतला राजवाडा जाऊन बरीच वर्षं झाली होती. यावर एका काकांनी लिहिलं की फ्रान्समध्ये निएप्सनं १८२६-२७ च्या सुमारासच फोटो काढला होता. खरं आहे. पण तो त्याच्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचा, कित्येक तास प्रकाश देऊन उमटवलेला पुसट ठसा आहे. त्यातही साल १८२० नाहीच. आणि आपल्या फोटोतल्या माणसांच्या पगडीच्या घड्यासुद्धा मोजता येतात.

आता वास्तू, कारण खरी ओळख तिथेच पटते. शनिवारवाड्याचा दर्शनी भाग म्हणजे दिल्ली दरवाजा: दोन्ही बाजूंना भक्कम बुरूज, मध्ये दगडी कमान, अणकुचीदार खिळे ठोकलेली दारं, वर नगारखाना. या वाड्याला तट आहे, नऊ बुरूज आहेत. महाल तटाच्या आत होते, रस्त्याला लागून नव्हते. फोटोत ना तट, ना बुरूज. मग सुरूच्या आकाराचे कोरलेले खांब, त्यांच्यावरचं केळफुलासारखं काम आणि रस्त्यावर आलेला लाकडी सज्जा एकत्र कुठे दिसतो? थोरल्या बाजीराव रस्त्यावर जाऊन मान वर करा. विश्रामबागवाडा अजून तिथेच उभा आहे. मी छापील प्रत हातात घेऊन समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो आणि डावीकडून एकेक खांब ताडून पाहिला. शंका उरली नाही.

उन्हाकडेही बघा, ही खूण फार कामाची आहे. दिल्ली दरवाज्याचं तोंड उत्तरेला. पुण्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे कलतो तो साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, आणि तेव्हाही जेमतेम. त्यामुळे थंडीतल्या दुपारी त्या दरवाज्याच्या तोंडावर ऊन येऊच शकत नाही. फोटोतल्या माणसांनी शाली पांघरल्या आहेत आणि समोरची भिंत उन्हानं उजळली आहे.

मग ही सायकल. सारख्या आकाराची दोन चाकं आणि मागच्या चाकाला साखळी. अशी सायकल इंग्लंडमध्येच १८८५ च्या सुमारास बाजारात आली. म्हणजे फोटो त्यानंतरचा.

लंडनचं म्हणाल तर तिथल्या संग्रहांत पुण्याचे जुने फोटो आहेतच. पण प्रत कुठे ठेवली आहे यावरून चित्रातली जागा ठरत नाही. पाहायची ती मूळ प्रतीवरची किंवा तिच्या नोंदवहीतली ओळ, आणि पुढे पाठवलेल्या मजकुरात नेमकी तीच नाही.

एका ताईंनी लिहिलं, ‘आमचे आजोबा सांगायचे, पेशव्यांचा जळालेला वाडा तो हाच.’ मला वाटतं, आजोबांचं बरोबर होतं आणि घोटाळा पुढच्या पिढीत झाला. विश्रामबागवाडाही जळाला होता! मे १८७९ मध्ये एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या दोन्हींना आग लावली गेली. बुधवारवाडा संपला, विश्रामबागेचा काही भाग गेला, पुढे डागडुजी झाली. पेशव्यांचा, जळालेला, लाकडी: ही तिन्ही वर्णनं विश्रामबागेला लागू पडतात. फक्त ‘जळालेला वाडा’ म्हटलं की आज आपल्याला एकच नाव आठवतं.

‘एवढ्यानं काय बिघडतं?’ असंही विचारलं गेलं. बिघडतं ते विश्रामबागेचं. दुसऱ्या बाजीरावाचा हा राहता वाडा, १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि आगीनंतरच्या डागडुजीचा हा फोटो म्हणजे मोलाचा पुरावा आहे. कुठला खांब मूळचा, कुठला नंतर बसवला, सज्जा तेव्हा कसा होता, हे अशाच फोटोंवरून ताडायचं असतं. त्यावर दुसऱ्या वाड्याचं नाव चिकटलं की ज्याला तो हवा आहे त्याला तो शोधून सापडत नाही.

आणि जळण्यापूर्वीचा शनिवारवाडा पाहायची ओढ मलाही आहे. त्यासाठी फोटो नाही, चित्रं आहेत. १७९० च्या तहाच्या दरबाराचं, सवाई माधवराव आणि इंग्रजांचा पुण्यातला वकील मॅलेट यांचं मोठं तैलचित्र थॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये पूर्ण केलं. त्यासाठी वापरलेली रेखाटनं जेम्स वेल्सची, आणि वेल्स पुण्याला येऊन राहिला होता. त्याच्या हाताखाली आपला गंगाराम तांबट चित्रं काढत होता. ज्यांनी तो वाडा उभा असताना पाहिला, त्यांच्या हातचं हे काम आहे.

ज्यांच्या घरी या फोटोची कागदी प्रत असेल त्यांना माझी विनंती आहे. पुढची बाजू आम्ही सगळ्यांनी पाहिली. आता मागची बाजू पाठवा: स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलनं लिहिलेली तारीख, जे असेल ते, कापून न टाकता.