‘१९६३ साली अमेरिकेने बायबल शाळेबाहेर काढले’: एका दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील सरकारी शाळांविषयीचा एक मजकूर इंग्रजीत गेली कित्येक वर्षे फिरत आहे आणि आता तो मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतही येऊ लागला आहे. त्याचा आशय असा: अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून स्थापन झाली, तिच्या शाळांत पहिल्यापासून बायबल शिकवले जात होते, १९६३ साली मूठभर नास्तिकांच्या हट्टापायी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली, तेव्हापासून गुन्हेगारी आणि कुमारवयीन मुलींची बाळंतपणे वाढत गेली, आणि आता ओक्लाहोमा, टेक्सास ही राज्ये ती चूक सुधारत आहेत. ज्याला बायबल नको असेल त्याने तेवढा वेळ वर्गाबाहेर थांबावे, असेही त्यात सुचवलेले असते. एकोणिसाव्या शतकात बहुतेक ठिकाणच्या शाळांत बायबल वाचले जाई, एवढे त्यातले खरे आहे. बाकीची विधाने चुकीची किंवा अर्धवट आहेत, आणि ज्यांची मुले आज त्या शाळांत जातात त्यांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा असल्यामुळे प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा बंदीचा. १९६३ चा खटला फिलाडेल्फियाला लागून असलेल्या ॲबिंग्टन येथील होता. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत दिवसाच्या सुरुवातीला बायबलमधील किमान दहा वचने वाचणे बंधनकारक होते, आणि ती कोणतेही भाष्य न करता वाचायची होती. ॲबिंग्टनच्या हायस्कुलात हे कसे चाले याचे वर्णन निकालपत्रातच आले आहे. शाळेच्या रेडिओ-टेलिव्हिजन कार्यशाळेतील विद्यार्थी ध्वनियंत्रणेवरून वचने वाचत, ती प्रत्येक वर्गात ऐकू जात, मग सगळी मुले उभी राहून एका सुरात ‘प्रभूची प्रार्थना’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणत, त्यानंतर राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा होई आणि शेवटी दिवसभराच्या सूचना दिल्या जात. वाचलेले वचन कोणत्या काळातले आहे, ते कोणी कोणाला उद्देशून म्हटले, त्याचा अर्थ लावताना मतभेद का झाले, हे सांगण्याची किंवा विचारण्याची सोय त्यात नव्हती. १७ जून १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने हा सक्तीचा उपासनाविधी घटनाबाह्य ठरवला. त्याच्या आदल्या वर्षी, १९६२ साली, न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने स्वतः तयार केलेली बावीस शब्दांची प्रार्थना अशाच कारणाने रद्द झाली होती.

परंतु त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली, आणि ती या मजकुरात कधीच येत नाही. बायबल हे साहित्यिक आणि ऐतिहासिक गुणांमुळे अभ्यास करण्याजोगे आहे, आणि धर्मनिरपेक्ष शिक्षणक्रमाचा भाग म्हणून त्याचा किंवा धर्मांचा वस्तुनिष्ठ अभ्यास करण्याला या निकालाने बाधा येत नाही, असे त्यांनी म्हटले. एवढेच नव्हे, तर धर्मांचा इतिहास किंवा तौलनिक अभ्यास यांवाचून शिक्षण पूर्ण होत नाही असे म्हणता येईल, असेही मत त्यांनी नोंदवले. म्हणजे ज्या निकालाला ‘बायबलबंदी’ म्हटले जाते, त्या निकालाने भाष्याविना होणारा पाठ थांबवला आणि भाष्यासह होणाऱ्या अध्यापनाला मोकळीक दिली. माझ्या मते या संपूर्ण वादातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे: जे बंद झाले ते शिकवणे नव्हतेच.

हे अध्यापन किती आवश्यक आहे याबद्दल मला शंका नाही. फुटलेले घर टिकत नाही, हे अब्राहम लिंकन यांनी १८५८ साली गुलामगिरीच्या प्रश्नावर बोलताना म्हटले, तेव्हा श्रोत्यांना ते बायबलच्या शुभवर्तमानातील, म्हणजे येशूच्या चरित्रातील, वाक्य असल्याचे ठाऊक होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन येथे केलेल्या भाषणात न्याय पाण्यासारखा वाहण्याची जी प्रतिमा आहे, ती बायबलमधील आमोस या संदेष्ट्याची आहे. त्याच बायबलचा आधार घेऊन दक्षिणेकडील मळेवाल्यांनी गुलामगिरीचे समर्थन केले आणि त्याच बायबलचा आधार घेऊन गुलामगिरीच्या विरोधकांनी तिच्यावर प्रहार केले. अमेरिकेच्या इतिहासातील हा सर्वांत गंभीर वाद समजून घ्यायचा असेल तर वर्गात बायबल उघडावेच लागेल, आणि उघडल्यावर दोन्ही बाजूंची वचने शेजारी ठेवून प्रश्न विचारावे लागतील. ध्वनिक्षेपकावरील दहा वचनांनी हे काम एक दिवसही केले नव्हते.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या आचरणावरही बंदी नाही. अमेरिकेतील सरकारी शाळेत मुलगी परीक्षेआधी मनात प्रार्थना करू शकते, मधल्या सुट्टीत बायबल, कुराण किंवा गीता वाचू शकते, आणि माध्यमिक शाळेत इतर ऐच्छिक मंडळांना जागा मिळत असेल तर धार्मिक मंडळालाही ती मिळते. त्यासाठी १९८४ चा केंद्रीय कायदा आहे आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आहे. २०२२ साली तर सामना संपल्यावर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल लागला. मात्र त्या निकालातही विद्यार्थ्यांवर सक्ती झाली नव्हती, हा बहुमताच्या युक्तिवादाचा महत्त्वाचा आधार होता.

दुसरे विधान असे की हे सारे नास्तिकांनी घडवून आणले. १९६३ च्या निकालात बाल्टिमोरचा एक जोडखटला होता आणि तो मॅडलिन मरे या नास्तिक बाईंनी दाखल केला होता, हे खरे. परंतु मुख्य खटल्यातील शेंप कुटुंब युनिटेरियन या उदारमतवादी पंथाचे होते आणि आपल्या चर्चला नियमित जाणारे होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शाळेतील बायबलपाठाला विरोध करणारे अमेरिकेतील सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे गट श्रद्धावंत ख्रिस्ती लोकांचेच होते, कारण शाळांत वाचले जाणारे बायबल म्हणजे प्रोटेस्टंटांची ‘किंग जेम्स’ ही इंग्रजी आवृत्ती असे. कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंटांच्या ६६. बायबलमधील दहा आज्ञांची विभागणीही दोघांची वेगळी आहे, आणि मूर्तींविषयीची आज्ञा स्वतंत्र मोजायची की नाही, हा भेद कॅथलिक घरांना फार टोचणारा होता.

१८४० च्या दशकात फिलाडेल्फियाचे बिशप फ्रान्सिस केन्रिक यांनी अशी विनंती केली होती की कॅथलिक मुलांना शाळेत स्वतःच्या पंथाची आवृत्ती वाचू द्यावी. त्यावरून ‘कॅथलिक लोक शाळांतून बायबल काढायला निघाले आहेत’ अशी हाकाटी उठली, आणि मे १८४४ मध्ये आयरिश वस्तीतील घरांबरोबर सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चे जाळण्यात आली. जुलैमध्ये पुन्हा दंगल झाली. दोन्ही वेळा माणसे मारली गेली. ‘बायबल शाळेबाहेर काढत आहेत’ ही आरोळी १९६३ च्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचा पहिला मार चर्चला जाणाऱ्यांवरच पडला.

बॉस्टनमधील १८५९ ची घटना तर प्रत्येक पालकाने वाचावी अशी आहे. तेथील एलियट शाळेत थॉमस व्हॉल नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या कॅथलिक मुलाने प्रोटेस्टंट पाठाप्रमाणे दहा आज्ञा म्हणण्यास नकार दिला. तेव्हा शाळेच्या एका शिक्षकाने वेताची छडी घेऊन, तो म्हणायला तयार होईपर्यंत, सुमारे अर्धा तास त्याच्या हातांवर मारले. शेकडो कॅथलिक मुलांना त्या वेळी शाळेतून काढून देण्यात आले. शिक्षकावर खटला झाला, पण तो सुटला. ज्या मुलाने मार खाल्ला तो आपल्या धर्मगुरूंनी आणि वडिलांनी शिकवलेल्या आज्ञा मनापासून मानणारा मुलगा होता. पुढे १८९० साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतील बायबलपाठ राज्यघटनेविरुद्ध ठरवला, तोही कॅथलिक पालकांच्या तक्रारीवरून. १९१० साली इलिनॉयच्या न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. १९६३ साली जे देशभर लागू झाले ते काही राज्यांत अर्ध्या शतकाहून अधिक काळ आधीच लागू होते.

‘ख्रिस्ती राष्ट्र म्हणून स्थापना’ या विधानावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. अमेरिकेची राज्यघटना कोणत्याही पदासाठी धर्माची कसोटी लावण्यास मनाई करते, १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती शासनाला धर्माची स्थापना करण्यापासून रोखते, आणि उत्तर आफ्रिकेतील त्रिपोलीशी झालेल्या १७९७ च्या तहात अमेरिकेचे सरकार ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही, असे शब्दशः लिहिलेले आहे. तो तह सिनेटने एकमताने मान्य केला आणि अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी त्यावर सही केली. त्या काळचा समाज बहुसंख्येने ख्रिस्ती होता, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती कोणी नाकारत नाही.

नैतिक ऱ्हासाचे विधान आकड्यांवर टिकत नाही. अमेरिकेत १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींमधील जन्मदराचा उच्चांक १९५७ सालचा आहे: दर हजार मुलींमागे ९६ हून अधिक. म्हणजे ॲबिंग्टनच्या शाळेत रोज सकाळी दहा वचने वाचली जात होती त्या काळातला. १९९१ साली तो दर सुमारे ६२ होता आणि आता १५ च्या खाली आला आहे. हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण १९६० च्या दशकापासून खरोखरच वाढले, परंतु १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शिखर गाठून ते उतरू लागले आणि आज जवळजवळ निम्म्यावर आले आहे. शाळांत बायबलपाठ परत न येताच ही घसरण झाली. ज्या राज्यांत पाठ आधीच बंद होता तेथे हा ऱ्हास १९६३ ची वाट न पाहता का सुरू झाला नाही, याचेही उत्तर दावा करणाऱ्यांकडे नाही.

आता ‘चूक सुधारण्या’कडे वळू. ओक्लाहोमाचे तत्कालीन शिक्षणप्रमुख रायन वॉल्टर्स यांनी जून २०२४ मध्ये पाचवी ते बारावीच्या वर्गांत बायबलचा समावेश करण्याचा आदेश काढला. त्यानंतर ५५ हजार प्रती खरेदी करण्यासाठी निविदा निघाली, आणि तिच्यातील अटी मला फार बोलक्या वाटतात: आवृत्ती किंग जेम्सच हवी, बांधणी चामड्याची किंवा चामड्यासारखी हवी, आणि त्याच पुस्तकात अमेरिकेची राज्यघटना, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि ध्वजप्रतिज्ञा छापलेली हवी. डोनाल्ड ट्रम्प ज्या बायबलचा प्रचार करत होते आणि ज्याची किंमत सुमारे ६० डॉलर होती, त्याला या अटी जुळतात, असा आक्षेप आल्यावर त्या बदलण्यात आल्या. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खरेदी थांबवली, आणि वॉल्टर्स पद सोडून गेल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या शिक्षणप्रमुखांनी तो आदेशच मागे घेण्याचे जाहीर केले. एलियट शाळेतला प्रश्न इथे पुन्हा उभा राहिला होता: कोणाचे बायबल, हे शासन ठरवणार. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स किंवा ज्यू घरातील मुलाने किंग जेम्स आवृत्तीच का उघडावी, याचे शैक्षणिक उत्तर त्या निविदेत नव्हते.

टेक्सासचे प्रकरण अधिक सौम्य आणि म्हणूनच अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. तेथील शिक्षण मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आठ विरुद्ध सात मतांनी बालवाडी ते पाचवीच्या वर्गांसाठी ‘ब्लूबॉनेट लर्निंग’ हा बायबलमधील प्रसंगांचा समावेश असलेला अभ्यासक्रम मंजूर केला. तो ऐच्छिक आहे, परंतु तो स्वीकारणाऱ्या शालेय जिल्ह्यांना (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) प्रतिविद्यार्थी ६० डॉलरपर्यंत जादा निधी मिळतो. लिओनार्दोच्या ‘शेवटचे भोजन’ या चित्राबरोबर मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रसंग सांगण्यात मला काहीच गैर वाटत नाही. तो प्रसंग माहीत नसेल तर चित्र कळणारच नाही. अडचण वयाची आहे. आठवीतील मूल ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ आणि ‘असे घडले’ यांत फरक करू शकते. बालवाडीतले मूल बाईंनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट घडलेलीच समजते.

इथे काही जण म्हणतात, ‘अमेरिकेत बायबल चालते, तर आपल्याकडे शाळेत गीता का नको?’ भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः शासकीय खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि २००२ साली अरुणा रॉय खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचा अभ्यास मात्र या मनाईत येत नाही, असे म्हटले. दोन्ही देशांतील न्यायालयांनी रेषा साधारण एकाच ठिकाणी ओढली आहे.

राहिला वर्गाबाहेर थांबण्याचा उपाय. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात १९५९ साली तशी सवलत घालण्यात आली होती. तरीही ॲबिंग्टन खटल्यातील वडील एडवर्ड शेंप यांनी ती का वापरली नाही, हे त्यांनी साक्षीत सांगितले: मुलांना सगळे विचित्र समजू लागतील, त्यांना बाहेर व्हरांड्यात उभे राहावे लागेल, शाळेत व्हरांड्यात उभे राहणे ही शिक्षा असते, आणि पाठानंतर लगेच दिल्या जाणाऱ्या सूचनाही त्यांना ऐकू येणार नाहीत. ह्यूस्टन किंवा डॅलसमधील मराठी घरातील पहिलीतल्या मुलालाही वर्ग सोडताना याहून वेगळे काही वाटणार नाही. टेक्सासच्या कायद्याने पालकांना सर्व अध्यापन साहित्य पाहण्याचा हक्क दिलेला आहे. तेथील पालकांनी हा मजकूर पुढे पाठवण्याआधी आपल्या जिल्ह्याने ब्लूबॉनेट घेतला आहे का, हे लेखी विचारावे, आपल्या मुलाच्या इयत्तेचे धडे मागवून घ्यावेत आणि त्यांत ‘असे मानतात’ कुठे लिहिले आहे व ‘असे घडले’ कुठे, याच्या खुणा करून त्या आपल्या जिल्ह्याच्या शाळा मंडळाच्या पुढच्या सभेत मांडाव्यात.