साडेचार गिगाहर्ट्झ आणि मालवणचा मे

ओव्हरक्लॉकिंगवर, म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यावर, लिहिणारे सगळे लोक थंड हवेच्या गावी राहत असावेत. ‘खोलीचं तापमान २१ अंश धरलं तर’ असं लिहितात आणि खुशाल पुढच्या परिच्छेदाकडे वळतात. धरलं तर! आमच्या मालवणात २१ अंश येतात ते जानेवारीतल्या एखाद्या पहाटे, तेही आम्ही गोधडीत असताना. मे महिन्यात माजघरात ३३, आणि हवा अशी दमट की पोह्याचा पापड तळून पानात पडेपर्यंत मऊ होतो. हवेवर चालणारा कूलर केवढाही मोठा बसवा, प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणं शक्य नाही. म्हणजे बटण दाबायच्या आधीच आम्ही १२ अंशांनी मागे.

वेगाची एवढी हाव कशाला, तर दशावतारापायी. जत्रेतल्या नाटकांचं चित्रण मी करतो. रात्री उशिरा गणपती येतो आणि नाटक संपतं तेव्हा कोंबडा आरवलेला असतो. ते सगळं एन्कोडिंगला, म्हणजे चित्रणाची फाइल आटोपशीर करायला, लावलं की आमचा कॉम्प्युटर नाटकापेक्षा जास्त वेळ घेतो, आणि मंडळींना तर सकाळच्या चहाबरोबर पेनड्राइव्ह हवा असतो. प्रोसेसर २०११ सालचा, आय५-२५००के. मुंबईच्या मावसभावाने नवीन घेतला तेव्हा हा मला दिला आणि वर सांगितलं, “बिनधास्त ४.८ ला चालव. मी चालवायचो.” तो चालवायचा एसीच्या खोलीत. हे त्याने सांगितलं नाही.

नावातल्या ‘के’चा अर्थ गुणक मोकळा आहे. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, त्याला गुणकाने गुणायचं की वेग तयार. बेस क्लॉकला फारसा हात लावता येत नाही, कारण या पिढीत हार्डडिस्क जोडणारा साटा, यूएसबी वगैरे सगळी मंडळी त्याच घड्याळावर चालतात. ते थोडं जास्त वाढवलं की हार्डडिस्क रुसून बसते. गुणक मात्र ३३ चा ४५ करायला बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, चार कळा दाबल्या की झालं. इतक्या सोप्या कामात काहीतरी गोम असणार, हे कोकणी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

गोम व्होल्टेजमध्ये. वेग वाढला की ट्रान्झिस्टरांना उघडमीट करायला वेळ कमी मिळतो, आणि कमी वेळात काम उरकायचं तर त्यांना व्होल्टेज जास्त लागतं. उष्णता वाढते ती वेगाच्या पटीत, आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. चारही कोअर, म्हणजे आतले गणित करणारे भाग, कामाला लागले की हा प्रोसेसर मुळातच ३३ वरून एक पायरी चढून ३.४ गिगाहर्ट्झवर चालतो. तो ४.५ वर न्यायला मी १.२ व्होल्टचे १.३५ केले. मग कागदावर हिशोब मांडला: वेग ३२ टक्के जास्त, उष्णता ६७ टक्के जास्त. ९५ वॅटचा प्राणी दीडशेच्या पलीकडे. पाच तासांचं काम पावणेचार तासांवर येणार होतं, म्हणून आईला मी हिशोबाचा पहिलाच भाग सांगितला.

तिला दुसरा भाग आपोआप कळला. कॅबिनेटचं एक दार काढून मी घरातला टेबलफॅन त्याच्याकडे वळवला होता.

“पंखो तुका होयो काय त्या डब्याक?”

“डब्याक,” मी म्हटलं. ती काही न बोलता पडवीत जाऊन बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

खरी कसोटी प्राईम९५ ची. मर्सेन मूळ संख्या, म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या, शोधण्यासाठी बनवलेला हा प्रोग्राम. २०१८ साली सापडलेली २,४८,६२,०४८ आकडी मूळ संख्या यानेच शोधली, तीसुद्धा एका साध्या आय५ वर. ओव्हरक्लॉकवाल्यांना मात्र संख्येशी देणंघेणं नसतं, त्यांना छळ हवा असतो. हे गणित रात्रभर बिनचूक केलं तर प्रोसेसर पास. आमच्याकडे तो पंख्यासह एवढा घोंगावायचा की शेजारचे तात्या गडग्यावरून डोकावले.

“ह्यो रातभर काय करता रे?”

“आकडो सोधता, तात्यानू. मोठ्यात मोठो.”

तात्या सरळ आत आले आणि खुर्ची ओढून बसले. “ओपन की क्लोज?”

त्या दिवसापासून रोज सकाळी दूध आणायला जाताना त्यांची हाक यायची, “गावलो काय?” एकदा ते समोर बसलेले असताना विंडोज कोसळल्याचा निळा पडदा आला. त्यावर बरीचशी शून्यं आणि शेवटी १०१. या पिढीच्या प्रोसेसरवर ओव्हरक्लॉक करताना १०१ दिसला तर बहुधा व्होल्टेज कमी पडलेलं असतं. मी हे समजावून सांगेपर्यंत तात्यांनी तो तळहातावर उतरवून घेतला होता. पुढे काही दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. मीही विचारलं नाही.

व्होल्टेज कमी पडलं ते का? बायोसमध्ये तर १.३५ लिहिलेलं. पण आमच्या वाडीत वरच्या आळीने नळ सोडले की खाली आमची धार करंगळीएवढी होते ना, तसंच आत होतं: प्रोसेसरने एकदम करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतं. यावर उपाय म्हणून लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची सोय असते. ती पूर्ण चढवली की काम थांबताक्षणी व्होल्टेज उलट उसळी मारतं, आणि प्रोसेसरच्या आयुष्यावर उठतं ते हेच. त्यामुळे मधली पायरी. माझ्या मते या छंदात शहाणपणाच्या सगळ्या जागा मधल्या पायरीवर आहेत, आणि फुशारकीच्या सगळ्या वर.

तरी कोअर नव्वदीत गेले. ९८ अंशांना हा प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवतो, म्हणजे उष्णता साडेचारची आणि काम साडेतीनचं. कूलर उतरवला तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये तांबूस धूळ, खाऱ्या दमट हवेनं चिकट झालेली. ब्लोअरला ती दाद देईना. दातांच्या जुन्या ब्रशने एकेक फट खरवडली, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी वाळकी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवीन लावली, आणि कॅबिनेटच्या खालच्या कोपऱ्यात पालीची दोन अंडी सापडली. ती आईने काढू दिली नाहीत.

अखेर मे महिन्यापुरता ४.२ आणि १.२५ व्होल्ट असा तह झाला. बायोसमध्ये ते ‘मे’ नावाने साठवलं. गणपतीला वाडीभर रोषणाई लागली की लाईटचे हाल होतात आणि यूपीएस टिकटिकत राहतो, म्हणून ‘चतुर्थी’ नावाची वेगळी सेटिंग, तिच्यात सगळं मूळपदावर. तेव्हाच मावसभाव गावी आला. आल्या आल्या स्क्रीनवरचा ३.४ बघून हसला आणि ४.८ कसं करायचं ते दाखवायला बसला. बनियन पाठीला चिकटल्यावर त्याने विचारलं, “तुमच्याकडे एसी नाही का रे?”

‘आषाढ’ ही तिसरी सेटिंग आईच्या आग्रहाची. कॅबिनेटच्या मागून गरम वारा येतो हे तिच्या लक्षात आलं, तेव्हापासून मागे दोरी बांधलेली आहे. पावसाची झड लागली की साडेचार गिगाहर्ट्झ, १.३५ व्होल्ट, पंखा पूर्ण. नाटकं पावसाळ्यात बंद, एन्कोडिंगला काहीच नसतं, तरी सकाळी स्वयंपाकघरातून हाक येते:

“तो आकडेवालो लाव रे! चादर अजून ओलीच आसा.”