तालुक्याला पहिल्या रात्रीची खोली हवी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आमच्या समाजाचं मंगल कार्यालय बांधायचं ठरलंय. वर्गणीसाठी परदेशातल्या आम्हा मंडळींनाही विचारणा झाली. त्याच बैठकीत महिला मंडळाने मागणी केली, की वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मारहाणीमुळे घर सोडावं लागलेल्या बायकांसाठी राखून ठेवा. त्यावरून दोन तट पडले. विरोधातल्या एका ज्येष्ठ काकांचं वाक्य मला फोनवर कळलं, "लग्नं लावायची तिथंच मोडायची काय?"

खोल्या हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमधल्या एका आश्रयगृहासाठी मी अधूनमधून दुभाषी म्हणून जाते. बाहेरून ते साधं घर दिसतं, पाटी नाही. एकेका कुटुंबाला एकेक खोली, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. कपाटांवर बायकांची नावं नसतात, खोलीचे नंबर असतात. या देशात पहिलं असं घर 1971 मध्ये लंडनच्या चिझिकमध्ये सुरू झालं. पन्नास वर्षांनी, 2021 च्या कायद्याने, अशा बायकामुलांना सुरक्षित निवाऱ्यात आधार देणं ही इंग्लंडमधल्या स्थानिक प्रशासनाची जबाबदारी ठरली. तरी जागा पुरत नाहीत, बायकांना परत पाठवावं लागतं.

इथं बाईला बहुधा दूरच्या गावी हलवतात, म्हणजे नवरा शोधत येत नाही. मग तालुक्यात जागा कशाला, असं कुणी विचारील. पण इथं दूर गेलेल्या बाईच्या मुलांना नव्या गावातही त्याच भाषेची शाळा मिळते. आपल्या तालुक्यातल्या जांबोटीकडची बाई मुलांना घेऊन कन्नड शाळांच्या हुबळीला गेली, तर मराठी शाळेत तिसरीत असलेल्या पोराने काय करायचं? सीमाभागात मराठी शाळांसाठी आपण इतकं भांडतो. आईला जीव वाचवायला तालुका सोडावा लागला, तर त्या पोराची मराठी शाळा सुटते, याचाही विचार व्हायला हवा.

बेळगावला सरकारी सोय आहे, असं काका म्हणतात. आहे. अत्याचार झालेल्या बायकांना एकाच जागी मदत देणाऱ्या सखी केंद्राची योजना 2015 पासूनची, तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं. पण ती आखली जिल्ह्यासाठी, आणि आपला जिल्हा क्षेत्रफळाने कर्नाटकात सगळ्यात मोठा. निपाणीहून बेळगाव सत्तरपेक्षा जास्त किलोमीटर, कोल्हापूर त्याहून कितीतरी जवळ. जून 2023 पासून बायकांना बस फुकट आहे खरी. पण त्यासाठी कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. घरातून पळालेल्या बाईचं आधार कार्ड बहुतेक वेळा सासूच्या ट्रंकेत असतं. चंदगडहून लग्न होऊन आलेल्या पोरीचा आधारवरचा पत्ता तर कित्येकदा महाराष्ट्रातलाच राहिलेला असतो. आणि मार पडतो तो रात्री, शेवटची एसटी गेल्यावर.

माहेराचंही तेच. माहेर चंदगडला किंवा गडहिंग्लजला असलं, तर त्या रात्री ते राज्याच्या हद्दीपलीकडे असतं. सकाळी पोचलीच, तर भाऊ-भावजय दोन दिवसांनी समजूत घालून परत आणून सोडतात. त्यांना दोष द्यायची माझी इच्छा नाही, त्यांचंही घर दोन खोल्यांचं.

कायदा बाईच्या बाजूने आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने तिला नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क दिला. ती तात्पुरती जिथं राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो, आणि पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवायची असते. हे तीन दिवस तिने काढायचे कुठं? माझा सगळा आग्रह या तीन दिवसांसाठी आहे. लग्न मोडायचं की टिकवायचं, हे तिला नीट झोप आणि गरम जेवण मिळाल्यावर ठरवू दे. काकांना मी हेच सांगितलं, की सुखरूप जागेतून परत नांदायला जाणारी बाईही आपल्या अटी घालून जाते.

एका आक्षेपाला मात्र मी मान देते. खानापुरात अशी जागा लपून राहणार नाही. नवरा चार माणसं घेऊन दारात उभा राहू शकतो. म्हणून ती पहिल्या काही रात्रींपुरतीच असावी, पोलिसांना आधीपासून माहीत असावी, आणि पुढचा मोठा मुक्काम जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावा. सोबतीला मराठी आणि कन्नड दोन्ही येणारी बाई हवीच. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. काय लिहिलंय ते न कळता सही केलेल्या बाईचा खटला तिथंच लंगडा पडतो.

हे आपल्याला झेपणार नाही, असं म्हणू नका. निपाणीच्या विडी-तंबाखू कामगार बायकांनी वखारवाल्यांसमोर संघटना उभी केली होती. खानापूरच्या गावागावांत बचत गट महिन्याचा हिशेब चोख ठेवतात. दोन खोल्यांची किल्ली त्या नक्की सांभाळतील.

माझी वर्गणी मी या दोन खोल्यांसाठी आणि रात्रीच्या राखणदार बाईच्या पगारासाठी देते आहे, तसं विश्वस्तांना लेखी कळवलंय. नकाशा अजून मंजुरीला गेलेला नाही. वर जायचा जिना हॉलमधून न काढता मागच्या गल्लीकडून काढा, आणि त्या बाजूला दिवा लावा, एवढी दुरुस्ती पुढच्या बैठकीत व्हावी.